टपरीवर तुम्हाला भेटलेली पोरं

बाबा,

मलकापूरच्या बैलबाजारावरून गेले की अजूनही माझी मान आपोआप त्या कडेच्या बाभळीकडे वळते. तिथं तुम्ही उभे असायचात, खांद्यावर उपरणं, तोंडात सुपारी, आणि समोर कुणीतरी बैल घ्यायला आलेला माणूस. तुमचा धंदा दलालीचा, पण गिऱ्हाइकाला तुम्ही विकणाऱ्याशी फार वेळ बोलूच द्यायचा नाहीत. “इकणाऱ्याले काय इचारतं? तो तं सांगनच का बैल सोन्याचा हाये. ज्यानं मागल्या साली जुंपला, त्याले इचार.” असं म्हणून तुम्ही त्याला रोहिणखेडला पिटाळायचात, बैलाच्या आधीच्या मालकाकडे. सौदा आठवडाभर लांबायचा, आई चिडायची, पण तुम्ही रीत सोडली नाहीत.

मी बी.कॉम. झाले तेव्हा तुम्ही बाजारात पेढे वाटले होते, आणि त्याच संध्याकाळी मी म्हटलं होतं की मला पुण्याला जाऊन फायनान्स शिकायचंय. हे फायनान्स म्हणजे नेमकं काय, असं तुम्ही विचारलंत. मी सांगितलं की लोकांचा पैसा कुठं लावला तर वाढेल, ते लोकांना सांगायचं. तुम्ही खो खो हसलात. “म्हंजे दलालीच की वं!” आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मग तुम्ही एकदम गंभीर झालात. “पैशाची फिकर नोको करू, तो ठेवेल हाये म्या. पन येवढा पैसा टाकून पोरगी कामाले लागन का, हे पाहा लागन.” आणि खरंच, भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून तुम्ही पुण्याची गाडी पकडलीत.

परत आलात तो दिवस माझ्या अंगाला चिकटून बसलाय. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, मी ताट वाढतेय, तुम्ही पाय धुऊन पाटावर येऊन बसता. मी काही विचारायच्या आधीच म्हणता, “कालेजात गेलोच नाही म्या. आफिसातला मानूस म्हंजे इकणाराच.” दिवसभर तुम्ही म्हणे फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसून होतात. तिथं शिकून बाहेर पडलेली पोरं हेरलीत, त्यांना चहा पाजलात आणि विचारलंत, काय करून राह्यला सध्या? “चार-पाच जन भेटले. एकबी कामाले नाही. येवढी फी भरून नुसते फिरून राह्यले. तू इथंच शिक, माय.” मी ताट सरकवलं. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, “अन्नावर राग काहाडू नोको.” दुसऱ्या दिवशी पुण्याहून आणलेला कॅल्क्युलेटर माझ्या हातात ठेवलात, किराणा दुकानात असतो तसला, ढब्बू बटणांचा. कॉलेजात पोरी त्याला बघून फिदीफिदी हसायच्या. मी मात्र एम.कॉम. त्याच्यावरच केलं.

मग परीक्षा देऊन बँकेत लागले, फिरून फिरून इथंच आले, आणि आता कर्जाच्या टेबलावर बसते. तुमची पुण्याची गोष्ट मी ऑफिसात कितीदा तरी रंगवून सांगितलीय. भर दुपारी, कामाच्या दिवशी, कॉलेजसमोरच्या टपरीवर कोण भेटणार? ज्यांना नोकरी लागली ती पोरं नोकरीवर नसतील का? बाजारात तोच बैल पुन्हा पुन्हा दिसला की तुम्हीच म्हणायचात, यात काहीतरी खोड असणार, नाहीतर बाजारात परत कशाला येईल. आणि तेच तुम्ही परत आलेल्यांवरून सगळ्या कॉलेजची पारख करून आलात! या जागी सगळे पोट धरून हसतात. मीही हसते. पण खरं सांगते बाबा, पुष्कळ वर्षं माझा तुमच्यावर राग होता. पुण्यात गेलेल्या मैत्रिणी दिवाळीला यायच्या तेव्हा मी आजारी असल्याचं सोंग करायची.

आता तुमच्या नातीला मुंबईच्या कॉलेजात प्रवेश मिळालाय. विषय तोच, फायनान्स. फी ऐकली असती तर तुम्ही सुपारी थुंकून खाली बसला असतात. तिचे बाबा म्हणाले, तू बँकेतली, तूच ठरव. मी ठरवायला बसले. कर्ज किती, हप्ता किती, पगार कमी मिळाला तर काय, नोकरीच उशिरा लागली तर काय, सगळं उलटसुलट मांडून पाहिलं. ओढाताण होईल, पण जमतं. तरी मी पोरीला रोज म्हणत राहिले की बघू, विचार करू. शेवटी ती तडकली. “आई, तू लोकांच्या पोरांले शिकाले कर्ज देतं, अन् मलेच काऊन नाही?”

मग मी तुमच्याच वाटेनं गेले. कॉलेजच्या माहितीपत्रकात नुसते हसरे चेहरे होते, म्हणून म्हटलं, तिथं शिकलेल्यांनाच विचारू. लेकीनं दोन मुलींचे फोन नंबर मिळवून दिले. पहिली मोठ्या कंपनीत लागलेली, कर्ज वेळेआधी फेडलेलं, भरभरून बोलली. दुसरी अकोल्याला घरी परतलेली, विम्याच्या पॉलिसी विकत होती, वैतागलेली. रात्री जेवताना लेकीनं विचारलं, काय म्हणाल्या दोघी? मी दुसरीचं सगळं सांगितलं, अगदी तिच्या आवाजातल्या थकव्यासकट. पहिलीबद्दल म्हणाले, तिचा फोन लागला नाही.

हे माझ्या तोंडून इतकं सहज निघालं, की भाजी वाढता वाढता माझा हात थांबला. फीची भीती मला नव्हतीच. तिकडं ती शिकेल, तिथंच नोकरी लागेल, कारण तसली नोकरी इथं आहेच कुठं? मग ती पाहुण्यासारखी येईल, दोन दिवस राहील, आणि स्टेशनवर तिला पोचवून मी एकटी रिक्षानं घरी येईन. मला ती इथं हवीय, बाबा. बस, एवढंच.

आणि तेव्हापासून एकच विचारावंसं वाटतंय. त्या टपरीवर तुम्हाला नोकरीला लागलेलं एकही पोर खरंच भेटलं नव्हतं? दिवसभर बसला होतात तुम्ही. संध्याकाळी कुणी ऑफिस सुटल्यावर जुन्या मित्रांना भेटायला आलं असेल, तुमच्या शेजारी बसून चहा प्यालं असेल. बैलाच्या चालीवरून त्याची खोड ओळखणारे तुम्ही, इतके भोळे कधीपासून झालात? तुम्ही काहीही उत्तर दिलं असतंत तरी आता मला राग आला नसता. मी पुण्याला गेले असते तर तुमच्या शेवटच्या आजारपणात तुमच्या उशाशी कोण बसलं असतं, हेही मनात येतं. त्या महिन्यांत तुम्ही मला क्षणभर नजरेआड होऊ द्यायचा नाहीत.

काल फी भरली. लेक गळ्यात पडली, आणि आता सगळ्या घरभर बॅगा पसरून बसलीय. हे पत्र तुम्हाला कुठं पाठवणार, इथंच राहील. पण फी भरण्याआधी मी तिला पहिल्या मुलीचंही सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मंग परवा काऊन नाही सांगतलं?”

मी म्हटलं, विसरले होते.