लाल रेषेच्या वरचे घर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पाटबंधारे खात्यातील निवृत्त अभियंता, खात्यात 'पूरबाई' म्हणून ओळखली जाणारी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. दबावाखाली नोकरीतही आले नाही. बढती का मिळाली नाही ते त्यावरून समजावे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. चढावरचे माझे राहते घर, अंगणासह, मी भाचीला देत आहे. ही माझ्या धाकट्या भावाची मुलगी, आणि माझ्याच खात्यात अभियंता. लोक म्हणतील, म्हातारीचा तिच्यावर जीव होता. होताच. पण कारण वेगळे आहे.

नदीकाठी सरकारी बालरुग्णालय बांधायचे घाटत आहे. ती जागा पुरात जाते. एकतीस वर्षे नदीची पातळी मोजून मी नकाशावर लाल पूररेषा काढली आणि तिच्या आत बांधकाम नको, असा अहवाल दिला. धोरण ठरवणाऱ्या समितीत सात जण होते. नदीत उतरलेली मी एकटी. त्यांनी चहा पिता पिता ती रेषा दोनशे पावले नदीकडे सरकवली. त्या नकाशावर मी सही केली नाही. आता तो भाचीपुढे आला आहे. तिची सही झाली की पाया खणणार, आणि तळमजल्यावर तान्ही बाळे ठेवणार.

"सही नाही केली तर नोकरी जाईल गं आत्या, आणि सरकारी घरही," परवा ती याच टेबलाशी रडवेली होऊन म्हणाली. "बाबा म्हणतात, सही करून मोकळी हो."

तर बाई, घर हे घे. मी मरायची वाट बघू नकोस, किल्ली आजच तुझ्या पर्समध्ये टाकली आहे. आता डोळे पूस आणि नाही म्हण.

२. मोजणीची दुर्बीण, तिवईसह, तिलाच. माझे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट समितीच्या अध्यक्षांना. मापाचे नसतील, पण पाणी घरात शिरल्यावर माप कोण बघतो?

३. धाकटा भाऊ, निवृत्त सचिव, यास काहीही नाही. माझा अहवाल त्याच्याच टेबलावर गेला होता. त्याने तो न उघडता कोपऱ्यात 'पाहिले' असा शेरा मारला आणि फाईल बंद केली. जाब विचारला तर म्हणाला, "ताई, रोज साठ फायली येतात. वाचत बसलो तर सरकार चालायचं कसं?" डोंबल त्याच्या सरकारचं! ह्याला पोहायला मी शिकवले, त्याच नदीत. माझा राग अजून गेलेला नाही.

शिवाय, वाटा मिळणाऱ्याने साक्षीदार होऊ नये असा कायदा आहे, आणि मला साक्षीदार तोच हवा आहे. तो अहवाल, पाने बेचाळीस, परिशिष्ट म्हणून येथे जोडला आहे. वाचून होईपर्यंत त्याच्या हाती पेन द्यायचे नाही, असे शेजारच्या शिंपीणबाईंना बजावले आहे.

स्थळ : माझे स्वयंपाकघर. दिनांक : ९ मार्च.

सही : पूरबाई

साक्षीदार १ : शेजारची शिंपीण. सही. (पेन सव्वादोन तासांनी दिले.)

साक्षीदार २ : धाकटा भाऊ. सही. शेरा : 'पाहिले' हा शब्द खोडला आहे. परिशिष्टासह वाचले. मुली, सही करू नकोस.