अकरा फरशांचा नियम

सोमवार, ३ फेब्रुवारी. संध्याकाळ ६.१५
आजपासून घरात टीव्हीची शिस्त लागू. मुंगी दहा वर्षांची झाली, तिच्या पाहण्यावर कुणाचं तरी लक्ष हवं. बायको बस डेपोत चौकशीच्या खिडकीवर, दुपारपाळीला. म्हणजे लक्ष माझंच. आणि लक्ष ठेवणं हा माझा धंदाच आहे. बाटल्यांच्या कारखान्यात उजेडाच्या पट्ट्यासमोर बसून मी दिवसाला हजारो बाटल्या पाहतो. बारीकसा टवकासुद्धा माझ्या नजरेतून सुटत नाही.
नियम असे. मुंगीने टीव्ही साडेसहा ते सात एवढाच पाहायचा. टीव्हीपासून अकरा फरशा लांब बसायचं (निळी चिकटपट्टी लावली आहे). पाहून झालं की वहीत सहा ओळींचं परीक्षण लिहायचं. मी वाचून पाचपैकी तारे देणार.
सात वाजता माझी मालिका. तेव्हा मुंगीने टीव्हीखाली स्टुलावर, टीव्हीकडे पाठ करून गृहपाठ करायचा. मी पट्टीवर खुर्ची टाकून बसतो. मालिका मी मजा म्हणून पाहत नाही. अभ्यास म्हणून पाहतो.
बायकोने फोनवर विचारलं, नियम फक्त मुंगीला की तुलाही. अशा प्रश्नांनीच घरातली शिस्त बिघडते.

बुधवार, ५ फेब्रुवारी
पहिलं परीक्षण. जंगलाचा कार्यक्रम. मुंगी लिहिते: हरीण पळालं. मागून काहीतरी पिवळं आलं. मग हरीण नव्हतं.
भाषा थरारक. पण काहीतरी पिवळं म्हणजे काय? सिंह म्हणायला काय होतं? अर्धा तारा कापला. शिवाय सहाच्या जागी तीनच ओळी. अडीच तारे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
मुंगी पट्टी ओलांडून चार फरशा पुढे सापडली. टीव्हीची ओढ भयंकर असते. फरशीमागे पाच मिनिटं दंड, म्हणजे वीस मिनिटं वजा. ती म्हणाली की मागून नीट नाही ना रे कळत. मी म्हणालो, कळण्यासाठी मन लावावं लागतं, जवळ जावं लागत नाही. वाक्य चांगलं जमलं. 'चोखंदळ' या आमच्या मालिका पाहणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावं.

रविवार, ९ फेब्रुवारी
'चोखंदळ' ग्रुपवर आज माझा दिवस. नायिका जिन्यावरून पडली तेव्हा डाव्या कानात डूल होतं, दवाखान्यात पोचेपर्यंत ते उजव्या कानात गेलं. एकतीस अंगठे आले. अध्यक्ष, म्हणजे निवृत्त हेडमास्तर, यांनी लिहिलं की अशी नजर हजारांत एकाची.
नायिकेची स्मृती गेली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मुंगी समोरच होती. पाहिलं नसावं तिने. पाहिलं असल्यास, धूळ.

बुधवार, १२ फेब्रुवारी
प्रयोग म्हणून मुंगीला माझी मालिका पाहू दिली, पट्टीमागून. परीक्षण वाचून खुर्चीतून उठलो. लिहिते: या मालिकेतल्या सगळ्या बायका सारख्याच दिसतात. बोलल्यावर कळतं कोण कोण आहे. गप्प असल्या की कुणीच कुणी नसतं.
दहाव्या वर्षी ही जाण! शेवटी मुलगी कुणाची? पाच तारे दिले.
परीक्षण ग्रुपवर टाकलं. मुंगीचं नाव घालायचं राहिलं. म्हणजे राहिलं नाही, पण मुलांना लहान वयात प्रसिद्धी वाईट. बेचाळीस अंगठे. हेडमास्तरांनी चॅनेलला पाठवायचं ठरवलं, खाली माझं नाव. जरा कसंतरी झालं. मग जेवलो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
कारखान्यात नोटीस. रविवारी बारा ते दोन, कँटीनमध्ये डोळे तपासणी, कामगारांनी घरच्यांनाही आणावं. माझी तपासणी कामाच्या वेळेत झाली. तक्त्यावरची शेवटची ओळ न अडखळता वाचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घारीची नजर आहे. नोटीस घरी नेऊन फ्रिजवर लावली, आणि घारीचं मीच सगळ्यांना सांगितलं.

रविवार, १६ फेब्रुवारी. दुपार
आज बारा वाजता मालिकेचा दोन तासांचा महाभाग. त्यामुळे कँटीनला जाणं जमण्यासारखं नव्हतं. बायको जादा पाळीला गेली, जाताना बजावून गेली की पोरीला घेऊन जा. मुंगी साडेअकरालाच बूट घालून बसली होती. मी म्हणालो, दहा वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांना काय धाड भरली आहे? बाटलीसारखे स्वच्छ आहेत.
मध्ये ती फळ्याबद्दल काहीतरी सांगत होती. नेमकी तेव्हाच नायिकेची स्मृती परत येत होती. जाहिरात लागली की बोल, म्हणालो. जाहिरातीत मला टिपणं काढायची होती. नंतर ती काही बोलली नाही, म्हणजे महत्त्वाचं नसणार. बूट मात्र तिने दोन वाजेपर्यंत काढले नाहीत.
बायकोला सांगितलं की गर्दी फार होती.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
गणितात पंचवीसपैकी नऊ. गणितं बरोबर सोडवली आहेत, पण आकडेच चुकीचे उतरवले आहेत. तिनाचे आठ, एकाचे सात. निष्कर्ष उघड आहे: टीव्ही. मुंगीचा टीव्ही आठवडाभर बंद. माझा चालू, कारण माझ्या आकड्यांत चूक नाही.
ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. म्हणाली, चालेल, ऐकू तर येतंच.

शनिवार, २२ फेब्रुवारी
वर्गशिक्षिकेने शाळेत बोलावलं. मी टीव्हीच्या दुष्परिणामांवर दोन मुद्दे काढून नेले होते.
बाईंनी विचारलं की हिला फळ्यावरचं दिसत नाही, हे घरी कुणाच्या लक्षात आलं नाही का. बाकावरच्या शेजारणीच्या वहीत बघून उतरवते. शेजारीण त्या दिवशी गैरहजर होती, म्हणून नऊ. घरी सांगितलंस का असं बाईंनी तिला विचारलं, तर म्हणाली सांगितलंय, बाबा बघतोय.
मी म्हणालो, घरी तसं काही दिसलं नाही. बाईंनी विचारलं की आपण काय काम करता. मी सांगितलं.

तोच शनिवार. रात्र ८.३०
मुंगीची वही काढून पहिल्यापासून वाचली. म्हणजे वाचली होतीच, पण आज वाचली. काहीतरी पिवळं. सगळ्या बायका सारख्याच. सोळा तारखेला टीव्ही पाहिलाच नव्हता, तरी तिने लिहिलं आहे: आज डोळे तपासायला जायचं राहिलं. मला लांबचं पुसट दिसतं. त्याखाली लाल पेनाने माझ्या हातची सूचना: विषय सोडून लिहू नये. एक तारा.
मालिका लावली नाही. सात वाजले तेव्हा काय करायचं हे कळेना. मोरीतला नळ धुतला.

सोमवार, २४ फेब्रुवारी
रजा काढून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. बायकोही आली. दोन्ही डोळ्यांना उणे तीन. डॉक्टरांनी विचारलं, टीव्हीजवळ जाऊन बसते का? मी हो म्हणालो. पुढचं मी सांगणार नव्हतो, मुंगीने सांगितलं. निळी पट्टी, अकरा फरशा, दंड, सगळं. तक्रार म्हणून नाही, आमच्या घरी कसं असतं ते सांगावं तसं. तारे कसे मिळतात तेही सांगितलं.
डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.
कँटीनमध्ये फार गर्दी होती ना, असं बायकोने परतताना विचारलं. नव्हती, म्हणालो. आम्ही गेलोच नव्हतो. पुढे घरापर्यंत ती मुंगीचा हात धरून माझ्यापुढे चालत राहिली. लाज वाटते असं नुसतं लिहून भागत नाही, पण दुसरा शब्दही सुचत नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी
निर्धार केला. ग्रुपवर कबूल करायचं की ते परीक्षण माझ्या मुलीचं आहे, आणि ते परीक्षण नव्हतंच. चार वेळा लिहिलं. चौथ्यांदा फारच चांगलं जमलं, थोडं हृदयस्पर्शीच. म्हणजे यालाही अंगठे येणार. पुसून टाकलं. ग्रुप सोडला. हेडमास्तरांचा फोन आला, उचलला नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी. संध्याकाळ ७.४०
चष्मा आला. मुंगी दुकानाच्या पायरीवर उभी राहून समोरच्या पाट्या मोठ्याने वाचत होती. झाडाला वेगवेगळी पानं असतात, म्हणाली. मला दुकानात परत जावं लागलं, रुमाल विसरलो असं सांगून.
पट्टी मी काल खरवडून काढली होती. तरी ती बरोबर अकराव्या फरशीवर बसली, जंगल पाहिलं. सगळं दिसतं, म्हणाली. सात वाजता सवयीने स्टूल ओढून माझ्यासमोर बसली, टीव्हीकडे पाठ करून.
मालिका बघणार नव्हतोच. पण टीव्ही चालू होता, आणि नायिकेच्या लग्नाची तारीख आज निघणार होती. पाच मिनिटं म्हणून पाहिली. अर्धा तास झाला.
संपल्यावर तिने वही आणून दिली. कुणी सांगितलं नव्हतं. पूर्ण सहा ओळी आहेत.
आज मी बाबा पाहिला.
त्याच्या मिशीत तीन केस पांढरे आहेत.
मालिकेत कुणी रडलं की त्याची हनुवटी हलते.
मी बोलते तेव्हा तो हं म्हणतो.
आधी मला वाटायचं, तो माझ्याकडे बघून हं म्हणतो.
आता कळलं, तो माझ्या डोक्यावरून टीव्हीकडे बघतो.
खाली ताऱ्यांसाठी तिने नेहमीसारखी जागा सोडली आहे. लाल पेन घेऊन दहा मिनिटं बसलो आहे. ती समोरच स्टुलावर आहे, किती तारे मिळतात याची वाट बघत.