सदुसष्ट नंबरची कॅसेट

अब्बा, तुम्ही गेल्यावर मी इथं आखातात या दोन हातांनी काय काय बनवलं ते आधी लिहितो, बाकीचं मग. सित्र्याच्या भंगारबाजारातून आणलेल्या पाइपांची, कॅमेरा ठेवायची तिकाटी. तिचे पाय वाळूत रुतू नयेत म्हणून खाली डब्यांची झाकणं ठोकलेली. एका व्हीसीआरवरून एकदम चार कॅसेटींच्या नकला निघतील अशी जोडणी. अमेरिकी पद्धतीची कॅसेट इथल्या मशीनवर आणि इथली तिकडच्या मशीनवर चालावी म्हणून एक पेटी, जिच्यातली प्रत्येक तार मी डाग देऊन जोडली आहे. बाजारात मिळते ती पेटी महाग, आणि तिच्यात माणसांचे चेहरे हिरवट दिसतात. उम्म अल हस्सम वस्तीतल्या खोलीतला माझा पलंग. शिवाय एक खेळ, जो मला कुणी शिकवला नाही; तो बनवला नाही म्हणा, पण माझ्यापुरता मीच उभा केला, तेव्हा धरा त्यातच. पक्कड मात्र अजून तुम्ही दिलेलीच आहे. मी मचव्यावर येणार नाही म्हटल्यावर तुम्ही चार दिवस बोलला नाहीत, आणि पाचव्या दिवशी रत्नागिरीच्या बाजारातून ती आणून माझ्या ताटाशेजारी ठेवलीत. ‘तारांचं काम करायचं तर दातांनी तोडू नको,’ एवढंच म्हणालात.

खेळाचं सांगतो. मी ज्या व्हिडिओच्या दुकानात कामाला आहे, तिथून मला अमेरिकी पोरांच्या शाळेत सामन्यांचं चित्रण करायला पाठवतात. ते त्याला फुटबॉल म्हणतात, पण चेंडू लांबट, दोन्हीकडून निमुळता, आणि पायापेक्षा हातात जास्त. एक टोळी चेंडू घेऊन पुढं सरकते, दुसरी अडवते. धावणाऱ्याला वाट करून द्यायला पाच जाडजूड पोरं पुढं वाकून उभी असतात. ती समोरच्यांना ढकलतात आणि चेंडूला कधी हातही लावत नाहीत. यातली चांगली पोरं अमेरिकेतली कॉलेजं फी माफ करून घेऊन जातात. पण तिकडच्या गावोगावची पोरं बघायला त्यांची माणसं हिंडतात. या बेटावर कोण येणार? तेव्हा इथल्या पोराची कॅसेट जाते. कॅसेटमध्ये जो दिसला तो आहे, नाही दिसला तो जन्मालाच आला नाही. आणि कोण कसा दिसणार हे तिकाटीमागं उभा असलेला माणूस ठरवतो. तो मी.

पहिल्या वर्षी मीही सगळ्यांसारखा चेंडूमागं कॅमेरा फिरवायचो. मग एकदा नकला काढताना तुमची आठवण झाली. नारळी पौर्णिमेचा सुमार, हंगामासाठी खलाशी ठरवायचे आहेत, मचवा पाण्यात लोटायचा आहे, आणि तुम्ही मचव्याचे तांडेल असून दोराला हात न लावता बाजूला उकिडवे बसला आहात. मी सोळा वर्षांचा. माझा एक दोस्त उघड्या अंगानं दोर ओढतो आहे, दंड असे टरारलेले. मी तुमच्या कानाशी लागून म्हणतो, ‘अब्बा, ह्याला घ्या.’ तुम्ही सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणता, ‘डोळे दिलेत ते काय दंड मोजायला? दोर हातात असताना सगळेच मर्द. दोर सुटला की काय करतो ते बघ.’ मचवा पाण्याला लागला, दोर सुटले, माझा दोस्त हसत वाळूत बसला. खाडीपल्याडचा एक काटकुळा, ज्याचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं, तो मचव्याखालून निघालेले ओंडके एकेक उचलून भरतीच्या रेषेवर नेऊन ठेवत होता. तुम्ही त्याला घेतलंत. मला तेव्हा फार राग आला होता.

तर मी कॅमेरा चेंडूवरून हलवला. तसं करणारा या मैदानावर मी पहिलाच, हे लिहायला मला संकोच नाही. आणि मला सदुसष्ट नंबर दिसला. जाडा, मुखदुर्बळ, त्या पाचांतला एक. त्याचे पाय बघा, अब्बा: आखूड पावलं, एकावर एक कधी पडत नाहीत, समोरचा कितीही रेटो, ह्याची टाच उचलत नाही, डोलत्या मचव्यावर उभा असल्यासारखा. चेंडू दुसरीकडं गेला की बाकीची चार पोरं थांबतात. हा धावत राहतो. शिट्टी वाजली की खाली पडलेल्याला उठवतो, मग तो कुठल्या का बाजूचा असेना. मी त्याची वेगळी कॅसेट केली, कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या खोलीत श्रीवर्धनचा एक कारकून राहतो, तो म्हणाला, ‘मिस्त्री, घरच्या पोरीचा फोटो बघत नसशील एवढा ह्या जाड्याला बघतोस.’ मी म्हटलं, ‘पोरगी फोटोत हलत नाही.’ तो हसला. मला हसू आलं नाही. मुलगी आता दहाची आहे आणि मी तिला मिळून सहा महिने पाहिली असेल.

या उन्हाळ्याआधी शाळेच्या कोचना एका कॉलेजचा फोन आला. एक जागा उरली आहे, कुणी असेल तर कॅसेट पाठवा. कोच दुकानात आले, माझ्या स्टुलावर बसले, ते करकरलं. त्यांच्याकडं दोन पोरं होती: नऊ नंबर, चेंडू घेऊन धावणारा, देखणा, ज्याच्यासाठी सगळी शाळा ओरडते, आणि सदुसष्ट.

‘तू दोघांना माझ्यापेक्षा जास्त बघितलंयस,’ कोच म्हणाले. ‘सांग.’

‘सदुसष्ट. नऊला वाट मिळाली तर धावतो. वाट ह्यानं केलेली असते.’

‘सदुसष्टचं नाव तिकडं कुणी ऐकलेलं नाही.’

‘नऊचंही नाही,’ मी म्हणालो. ‘त्याच्या बापाचं ऐकलंय.’

कोच इतके हसले की मालक आतून बघायला आले. दोघांच्याही कॅसेटी पाठवायच्या ठरल्या, नकला मी काढायच्या.

नऊ नंबरच्या बापाची सित्र्याला कंपनी आहे. दोन दिवसांनी तो दुकानासमोर गाडी थांबवून, गार हवा चालू ठेवून बसला आणि मला आत बोलावलं. माझ्याशी तो अगदी सावकाश इंग्रजी बोलतो, बहिऱ्याशी बोलावं तसं. नक्कल काढताना मशीनचा वेग किंचित वाढवता येतो, हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. येतो, माझ्या मशीनला त्यासाठी मीच खिट्टी बसवली आहे, जुन्या सैल कॅसेटी ताळ्यावर आणायला. ती जरा पुढं ढकलली की मंद पोरगं चपळ दिसतं. एवढंच कर, तो म्हणाला, आणि जाड्याची कॅसेट वाटेत कुठंतरी राहू दे. पोस्टात काहीही राहतं.

‘साहेब, मग मैदानाच्या कडेनं चालणारी माणसंही भरभर चालतील.’

‘कडेला कोण बघतो?’

मी बघतो, हे मी बोललो नाही. तेवढं इंग्रजी मला येतं, तरीसुद्धा. मग त्यानं बदल्यात काय देणार ते सांगितलं. ते शेवटी लिहितो, कारण ते लिहिण्यासाठीच बसलोय आणि तेच लिहवत नाही.

आधी हे ऐका. माझा पासपोर्ट मालकांच्या तिजोरीत असतो, सगळ्यांचाच असतो. मालक वाईट माणूस नाही, ईदला स्वतःच्या हातानं खजूर देतो. तुमच्या जाण्याची तार आली तेव्हा तो हजला गेला होता आणि किल्ली त्याच्याबरोबर. मी तिजोरीसमोर उभा होतो. कुलूप कसं उघडेल हे मला दिसत होतं, हातात तुमची पक्कड होती, आणि मी उभाच राहिलो. तो परत आला तेव्हा तुमचा चाळिसावा दिवस जवळ आला होता. आजही सुट्टी मागितली की ‘इंशाल्ला, रमझाननंतर’. दुसरीकडं नोकरी धरायची तर त्याचा सोडल्याचा कागद हवा, आणि तो म्हणतो, ‘तुझ्यासारखा हात मला कुठं मिळणार?’ ज्या कारागिरीचा मला गर्व तीच माझी बेडी झाली आहे. शुक्रवारी मी चालायला निघतो; या बेटावर कुठल्याही वाटेनं गेलं तरी पाण्याशी येऊन थांबावं लागतं. तुम्हाला तिथून पुढं रस्ता होता. मी मागं वळतो आणि खोलीवर येऊन कपडे धुतो.

दोन्ही कॅसेटी गेल्या. खिट्टी जागच्या जागी होती, पोस्टात मी स्वतः टाकल्या. उत्तर आलेलं नाही. शाळा सुटली, कोच मायदेशी गेले, सदुसष्टचं घरही रिकामं झालं असं ऐकतो. त्याला कुणी घेतलं की नाही, कॅसेट कुणी शेवटपर्यंत बघितली की नाही, मला कळायचा मार्ग नाही. शेवटच्या दिवशी मी रिकाम्या मैदानावर तिकाटी सोडवत होतो. सदुसष्ट हद्दीच्या झेंड्या उपटून गोळा करत होता. त्यानं मला हात केला. मीही केला. त्याला यातलं काही माहीत नाही.

श्रीवर्धनवाला पुढच्या आठवड्यात सुट्टीवर जातोय. आपल्या गावावरून जाईन म्हणतो. हे त्याच्याकडं दिलं, तुमच्या कबरीपाशी वाचून दाखव म्हटलं, तर वाचेल. पण त्याआधी आपल्या ओटीवर चहा प्यायला बसेल आणि तिथंच सगळं सांगून टाकेल. घरी काही माहीत नाही. तेव्हा कॅसेटच्या रिकाम्या खोक्यात हे ठेवून देतो.

त्यानं देऊ केलं ते असं: मालकांशी बोलून सोडल्याचा कागद, पासपोर्ट माझ्या हातात, सित्र्याला त्याच्या कंपनीत नोकरी, सनद गावात दोन खोल्यांचं घर, बायकोचा आणि पोरीचा व्हिसा. आणि पगार. आज मला महिना एकशे दहा दिनार मिळतात. मी नाही म्हणालो, अब्बा, ते खरं आहे. पण त्याआधी मी त्याला पगार पुन्हा एकदा सांगायला लावला. ऐकू नीट आलं होतं. दुसऱ्या माणसाच्या तोंडून ते आणखी एकदा ऐकायचं होतं, एवढंच. महिना साडेतीनशे दिनार.