आई ऑफ म्हणजे काय

धाकट्या, ताईचा आशीर्वाद.

"आई जरा ऑफ असते" एवढं लिहून मोकळा झालास. ऑफ म्हणजे काय रे? आपल्याकडे माणूस ऑफ झाला म्हणजे गेला. जरासं गेलेलं माणूस मी अजून पाहिलं नाही.

इथे लॉन्ड्रीत मशीन ऑफ, नासलेलं दूधही ऑफ. परवा मुकादमीण म्हणाली, "इस्त्रीवाली म्हातारी आज ऑफ." मी चादरीत तोंड खुपसून रडले. दुसऱ्या दिवशी म्हातारी डबा घेऊन हजर. सुट्टी होती म्हणे तिची. सगळ्या अजून मला हसतात.

आई विजेच्या दिव्यालाही कधी "बंद कर" म्हणाली नाही, आठवतं? "शांत कर गं त्याला," म्हणायची. खोलीतलं बटण दाबताना माझ्या तोंडी अजून तेच येतं.

मी ठणठणीत आहे. सोड्याने हात सोलवटतात, तेवढं आईला सांगू नकोस.

आता सरळ मराठीत लिही. जेवते का? बोलते का? माझं नाव काढते का? आणि खाली तिला स्वतःच्या हाताने काहीतरी लिहू दे. नुसती रेघ ओढली तरी चालेल, पण पंधरा तारखेच्या आत ती मला मिळाली पाहिजे, नाहीतर मी काम सोडून निघालेच समज.

तुझी ताई