निळे पाय

तारीख १४, शनिवार
दुपार, भांडी घासून झाल्यावर

चिरंजीव नातबाई हिला आजीचा प्रभूमध्ये सलाम आणि दोन्ही गालांचे पापे.

तुझं पत्र आलं. बाई गं, वीस वर्षांची झालीस आणि पहिलं पत्र! पोस्टमनला मी दारातच थांबवला, म्हटलं, पाणी पिऊन जा, माझ्या नातीचं अक्षर बघून जा. तो बिचारा बघून म्हणाला, "छान आहे." शेजारणीने तीनदा ऐकलं, चौथ्यांदा ती घरात नाही असं तिच्या सुनेने सांगितलं.

माझं अक्षर किड्यामुंग्यांसारखं आहे, हसू नकोस. साठी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गात शिकले. तिथल्या मास्तरीणबाई म्हणायच्या, आजी, तुम्ही लिहिता तसंच बोलता. म्हटलं, मग काय, लिहिताना दुसरी जीभ लावू?

तू विचारलंस, तुझी आई माझी पत्रं न फोडता का ठेवून देते. सांगते. पण आधी मी परदेशी जाऊन आले ते ऐक.

आपल्या ख्रिस्ती मंडळीची चौदा माणसं नऊ दिवसांच्या सेवेला तिकडे निघाली होती. शाळेला रंग द्यायचा, मुलांना गाणी शिकवायची, प्रार्थना करायची. स्वयंपाकाला जाणारी आयत्या वेळी गुडघा धरून बसली, म्हणून मला विचारलं. मी विमानात बसले, अगं माझे आई! पट्टा बांधला तो उतरेपर्यंत सोडला नाही, लघवीला लागली तरी. तिथे सगळ्यांनी मिळून निळा रंग दिला आणि दोन खिडक्या रंगाने कायमच्या बंद करून टाकल्या. आम्ही निघाल्यावर तिथल्या सुताराने त्या पटाशीने उघडल्या असतील. सेवा केली हो आम्ही.

सगळ्यांवर पुढारी कोण, तर महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई. ही बाई लक्षात ठेव.

तिथल्या पाळकाची आई आहे, फार म्हातारी. लोक तिच्यापुढे बसतात, मनातलं बोलतात, ती डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करते. तिला आपल्या भाषेतलं अक्षर कळत नाही. म्हणूनच सहाव्या दिवशी अध्यक्षीणबाई तिच्यापुढे बसली आणि नळ सोडावा तशी मराठीत मोकळी झाली. मधे प्लायवूडचा एक पडदा, पलीकडे मी बटाटे सोलतेय, हे ती विसरली. स्वयंपाकिणीला कान असतात हे अशा बायकांच्या लक्षात राहत नाही.

म्हणाली, "ते निनावी पत्र मीच लिहिलं. माझ्या मुलीला पेटीवर बसवायचं होतं. त्या पोरीचं काही नव्हतं."

हातातला बटाटा सोलून सोलून सुपारीएवढा झाला. म्हातारीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. बाई डोळे पुसून हलकीफुलकी बाहेर आली आणि मला विचारते, "चहा झाला का गं?"

मी चहा दिला. साखर जास्त घातली.

ती पोरगी म्हणजे तुझी आई. देवळात पेटी वाजवायची, अशी की म्हातारी माणसंसुद्धा सुरात गायची. तिचं लग्न ठरलं होतं. कुणीतरी पाळकांना पत्र घातलं, ही पोरगी पेटी दुरुस्त करणाऱ्याच्या खोलीवर एकटी जाते. जुन्या पाळकांनी रविवारी सगळ्यांसमोर नाव वाचलं, सहा महिने मंडळीबाहेर. सोयरीक मोडली. तुझी आई त्याच आठवड्यात गेली, ती बावीस वर्षं आली नाही. पेटीवर बाईची मुलगी बसली. अजून तीनच गाणी येतात तिला.

तर तिकडची रीत अशी, निरोपाच्या दिवशी पुढाऱ्याने सगळ्यात कमी मानाच्या माणसाचे पाय धुवायचे. बाईने मला निवडलं. मंडळीच्या मासिकात फोटो यायचा होता. क्षमा करावी म्हणतात. करीन की, आधी सोलून घेते, असं मनात म्हटलं, आणि आदल्या रात्री निळ्या तेलरंगाच्या बादलीत घोट्यापर्यंत दोन्ही पाय बुडवून रात्रभर वाळवले.

खुर्चीवर बसून मोजे काढले. बाई गुडघ्यांवर, पुढे घमेलं, सगळ्यांचे मोबाइल वर.

"अगं, हे पाय आहेत की खिडक्या?"

"घासा बाई."

घासलं. काही निघेना. तिला घाम फुटला.

म्हटलं, "तो रंग पाण्याने नाही जायचा. परवा त्या आजींना जे सांगितलंत ते इथे सांगा, मग उठा."

बाईचा चेहरा चुन्यासारखा झाला. आमचे नवे पाळक पुढे आले, "आजी, हे आपण नंतर बोलू."

"नंतर म्हणजे कधी? हे झालं तेव्हा तुम्ही चड्डीत होता, पाळकसाहेब."

तिचे गुडघे धरले होते. कुणी हात दिल्याशिवाय उठता येईना आणि सगळ्यात जवळचा हात माझा. दिला नाही. ती रडायला लागली, तर तिथल्या लोकांना वाटलं भक्तीने रडतेय, ते गायला लागले! मग दुभाष्याने काहीतरी सांगितलं आणि गाणं मधेच तुटलं. त्या शांततेत बाई बोलली. सगळं. तुझ्या आईचं नाव घेऊन.

मी तिथेच तिच्याकडून ते कागदावर लिहून घेतलं. परत आल्यावर पहिल्याच रविवारी पाळकांनी ते वाचलं, ज्या जागेवरून तेव्हा नाव वाचलं होतं, तिथूनच. नातबाई, असा आनंद मला तुझ्या जन्माच्या बातमीनंतर झाला नव्हता. बाईने पद सोडलं. आता मागच्या बाकावर बसते. मी मुद्दाम तिच्या शेजारी जाऊन बसते, प्रार्थनेचं पुस्तक तिच्याकडे सरकवते. तिला लवकर उठून जाता येत नाही. मरेपर्यंत बसणार आहे मी.

आता इथून पुढे आईला मोठ्याने वाचून दाखव. ती उठून गेली तर दारामागून वाच.

पोरी, पेटीचा भाता फाटला होता. त्याचं कापड आणायला त्या माणसाकडे तुला मीच पाठवलं होतं. तीनदा गेलीस, तिन्ही वेळा मीच पाठवलं. तू नको म्हणालीस, तर मी ओरडले.

नाव वाचलं तेव्हा तू वळून माझ्याकडे बघितलंस. मी तिसऱ्या बाकावर मांडीवरचं पुस्तक उघडून खाली बघत बसले. तेव्हा मला वाचता कुठे येत होतं? आपण देवळामागच्या खोलीत राहायचो, मी झाडलोट करायची. वाटलं, बोलले तर खोली जाईल. खोली राहिली. अजून तिथेच आहे मी.

बाईचं पत्र खोटं ठरवायला एक वाक्य पुरे होतं. ते माझ्याकडे होतं. बाईला मी सगळ्यांपुढे गुडघ्यांवर ठेवलं, पण तिची मुलगी तिने सोडली नव्हती, मी माझी सोडली. हे मी त्या दिवशी खुर्चीवर बसून बोलले नाही. उद्या रविवार आहे. साक्षीच्या वेळी उभी राहून बोलणार आहे, पाळकांना सांगून ठेवलंय. खोली गेली तर जाऊ दे.

मला माफ कर असं लिहिणार नाही. मी त्या बाईला केलं नाही, तुझ्याकडे कोणत्या तोंडाने मागू. माझ्यावर तुला जो सूड घ्यायचा असेल तो घे. शिव्या दे, सगळ्यांपुढे उभी कर, मी मान वर ठेवीन. फक्त इतक्या लांबून घेऊ नकोस. समोर येऊन घे.

तुझी,
तिसऱ्या बाकावर गप्प बसलेली,
आई