नागावच्या पेटीतल्या तीन ग्रिपा

नागाव,
गुरुवार, दुपार

प्रिय अमे,

परवा नलूकाकी सांगत होती, तू बाबांशी फोनवर बोलत नाहीस. आईशी, म्हणजे तिच्याशी, बोलतेस, पण तिने फोन त्यांच्या हातात दिला की तिकडे तुला नेमकी कुणाची तरी हाक येते. काकीला वाटतं, माणगावला नवीन काम, नवीन माणसं, पोरगी दमत असेल. मी तिला तसंच वाटू दिलं. खरं कारण मला ठाऊक आहे, तूच सांगितलंस. तुमच्या सोलर कंपनीच्या सेफ्टीच्या वर्गात पडद्यावर एका खांबाचा फोटो लागला, खाली लिहिलेलं, 'बावीस वर्षांचा अनुभव, एका मिनिटाची बेफिकिरी'. माणसाचं नाव नव्हतं, पण गावाचं होतं. तीस पोरांच्या मध्ये बसून तू ते वहीत उतरवून घेतलंस. संध्याकाळी मला फोन करून म्हणालीस, घरात मिक्सर लावायचा तरी आधी बटण बंद आहे का ते दोनदा बघायला लावणारा माणूस, आणि स्वतः फ्यूज न काढता खांबावर चढला, मला त्यांची लाज वाटते गं क्रांती. मी नुसतं "हं" म्हटलं. त्या "हं"ला आज तीन आठवडे झाले.

तेच बोलायला हे पत्र. फोन केला असता, पण तू मध्ये काहीतरी विचारलं असतंस आणि मी पुन्हा "हं" करून मोकळी झाले असते. कागद मध्ये बोलत नाही.

माझं म्हणशील तर मी बरी आहे. जेवते, झोपतेही. झोप लागत नाही वगैरे काही नाही, उलट पडल्या पडल्या लागते. आई म्हणते, वजन वाढलंय. तुमच्या घरावरून रोज जाते, काकी दिसली तर थांबते, कोळंबीला काय भाव होता ते तिला सांगते. रडू एकदाही आलं नाही. डिसेंबरपासून मी सगळं करते ते कुणी दुसरीच करतेय आणि मी तिच्या शेजारी उभी आहे, असं काहीतरी झालंय. डेंटिस्टने इंजेक्शन दिल्यावर गालाला हात लावून बघतो ना आपण, आपलाच गाल आहे का म्हणून, तसं.

आयटीआयची आठवण येते का तुला? वायरमनच्या वर्गात अडतीस पोरगे आणि आपण दोघी. सरांनी दोघींत मिळून एकच टूलकिट दिलं होतं, कारण मुली काय, शेवटी लग्नच करणार. तू त्यातल्या पकडीवर नेलपेंटने आपल्या दोघींची नावं लिहिलीस. अप्रेंटिसशिपची यादी लागली तेव्हा मला वीज कंपनीचं नागाव सेक्शन मिळालं, नामाकाकांच्या, तुझ्या बाबांच्याच हाताखाली. तुझं नावही त्याच यादीत होतं, पण तू म्हणालीस, घरी ऐकते तेवढं बास आहे, ऑफिसात पण नको, आणि सरळ सोलरला गेलीस. जाताना एसटी स्टँडवर मला म्हणाली होतीस, "माझे बाबा तुला दिले, जपून वापर." किती हसलो होतो आपण. आता ते वाक्य आठवलं की मी दुसरा विचार करते, खांबांचे नंबर म्हणते मनात.

नामाकाकांनी पहिले तीन महिने मला शिडी धरण्यापलीकडे काही करू दिलं नाही. मी वैतागायचे. ते म्हणायचे, "चढायला माकड पन चढतं. खाली उभं राहायला अक्कल लागते." रोज संध्याकाळी माझ्या प्रशिक्षणाच्या डायरीत मी काय शिकले ते लिहायचं आणि त्यावर त्यांची सही घ्यायची. सहीआधी ते सगळं वाचायचे, आणि शुद्धलेखन चुकलं तर मला काही म्हणत नसत, नुसतं भुवई वर करून पुढे वाचत. त्यांचा एकच नियम होता, तो तुलाही तोंडपाठ असणार. लाईनवर काम करायचं तर आधी ट्रान्सफॉर्मरजवळच्या डीपीच्या पेटीतून फ्यूजच्या तिन्ही ग्रिपा काढायच्या, आणि त्या पांढऱ्या चिनीमातीच्या ग्रिपा जो खांबावर चढेल त्याच्याच खिशात राहणार. साहेबाच्या नाही, मदतनिसाच्या नाही. ग्रिपा तुमच्या खिशात, म्हणजे तुम्ही उतरल्याशिवाय कुणी लाईन चालू करू शकत नाही. बावीस वर्षांत त्यांच्या पँटचे उजवे खिसे त्या वजनाने फाटायचे, काकी शिवायची.

डिसेंबरच्या चोवीस तारखेला सकाळी अकराच्या सुमारास एका वाडीतल्या माडाची झाप लाईनवर पडली. नाताळची सुट्टी, होमस्टे सगळे भरलेले, ऑफिसचा फोन थांबत नव्हता. काका, मी आणि कंत्राटावरचा प्रज्योत असे तिघे गेलो. पेटी रस्त्यावर, खांब वळणापलीकडे वाडीच्या आत, पेटीपाशी उभं राहिलं तर खांब दिसत नाही. काकांनी ग्रिपा काढल्या. अमे, काढल्या. माझ्यासमोर, एक, दोन, तीन. आणि खिशात टाकायच्या ऐवजी त्या माझ्या हातात ठेवल्या. म्हणाले, "आज तू सांभाळ. मी समोर येऊन हात पुढं करीपर्यंत कुनाला द्यायच्या न्हाय." मला सहा महिने होत आले होते, माझ्यावर विश्वास टाकायची त्यांची ती रीत होती. मला इतका आनंद झाला की मी मान सुद्धा नीट हलवली नाही.

अर्धा तास गेला असेल. समोरच्या होमस्टेची बाई दोनदा येऊन गेली, पाहुणे घामाघूम झालेत, किती वेळ म्हणून. मी तिला ऐटीत सांगितलं, लाईनमन उतरल्याशिवाय होणार नाही. मग वळणावर पिवळं हेल्मेट दिसलं, खांद्यावर शिडी. काम झालं, काका निघाले, असं मला वाटलं. ते पोचेपर्यंत लाईन चालू करून ठेवली तर म्हणतील, पोरगी तयार झाली. मी पहिली ग्रिप बसवली. समोरच्या व्हरांड्यातला पंखा फिरायला लागला. हेल्मेट जवळ आलं तर खाली प्रज्योतचा चेहरा. काका वर खांबाच्या अँगलवरच थांबले होते, हा छोटी शिडी गाडीत ठेवून मोठी न्यायला आला होता.

ओरडणं मी ऐकलं नाही. लोक म्हणतात मोठ्याने ओरडले. मला फक्त तो पंखा आठवतो. मी ग्रिप ओढून काढली आणि धावले. काका माडाच्या आळ्यात पडले होते, उजवा हात काळा. शुद्धीवर होते. प्रज्योत गाडी आणायला पळाला, तेवढ्यात त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "ग्रिपा कुठं हायत?" मी मूठ उघडली. म्हणाले, "जा, तिन्ही पेटीत लाव. मी काढल्याच न्हायत. झापेनं फ्यूज उडालं असतील असं समजून चढलो. कळलं?" मी गेले आणि लावल्या. माझे हात थरथरले सुद्धा नाहीत. याचीच मला आता भीती वाटते.

पुढचं तुला माहीत आहे. तीन बोटं गेली, खांदा वर जात नाही, चौकशीत त्यांनी स्वतः बेफिकिरी कबूल केली, प्रज्योतलाही तेच सांगायला लावलं. दवाखान्यात मी एकदाच म्हटलं, काका, मी सांगते. तर डोळे मिटून म्हणाले, "मला टेबलावर बसवतील. तुला घरी बसवतील. आनि ग्रिपा दुसऱ्याच्या हातात दिल्या ती माझीच चूक, मी कुठं खोटं बोललो?" मी गप्प बसले. तेव्हा बसले ती पाच महिने. आता ते ऑफिसात तक्रारींचा फोन घेतात. येणारा जाणारा नवा पोरगा त्यांच्याकडे बोट दाखवतो, हेच ते, आणि ते ऐकू न आल्यासारखं डाव्या हाताने रजिस्टर लिहितात. अजूनही माझ्या डायरीवर त्यांचीच सही असते, लहान मुलाच्या अक्षरासारखी. त्या दिवसाच्या पानावर मी लिहिलंय, 'झाप काढणे, निरीक्षण'. त्याखालीही त्यांनी सही केली. भुवई वर केली नाही.

खाई त्याला खवखवे म्हणतात. मला तेही होत नव्हतं, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. वर्ष संपेल, सर्टिफिकेट मिळेल, मग बघू, असं म्हणत मी दिवस ढकलत होते. तुझा तो फोन आला तरी मी ढकललेच.

काल दुपारी काका माझ्या टेबलापाशी आले. नवा शर्ट घेतलाय, म्हणाले, रविवारी सकाळच्या एसटीने माणगावला जातो, अमिषाला भेटायला, फोनवर तिला वेळ नसतो. मग खुर्ची ओढून बसले आणि मला विचारलं, तिच्यापुढं कसं बोलू, तुला सुचतं, तू सांग. आणि बोलून दाखवायला लागले. "बाय, माझी चूक झाली. तुला चारचौघांत मान खाली घालायला लागली, त्याची मी माफी मागतो." दोनदा म्हणून दाखवलं. दुसऱ्या वेळी 'चारचौघांत'वर अडकले, मला म्हणाले, तू म्हन, मी तुझ्यामागून म्हनतो. आणि मी म्हटलं, अमे. शब्द न् शब्द म्हटला, ते माझ्यामागून म्हणत होते. आज ते जेवायला गेल्यावर मी साहेबांच्या टेबलावर सगळं लिहून दिलंय, तारीख, वेळ, माझी सही. साहेबांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, घरी जा, कळवू. काकांना अजून माहीत नाही. हे पत्र प्रज्योत उद्या माणगावला येतोय त्याच्या हाती देतेय, म्हणजे शुक्रवारीच तुझ्याकडे पोचेल. तू मला माफ करावंस म्हणून नाही लिहिलेलं. रविवारी साडेदहाला स्टँडवर जा, आणि ते बोलायला लागायच्या आत त्यांना थांबव.

अजून म्हणू देत असशील तर, तुझीच
क्रांती