गोल कड्याची वाटणी

मी, रिव्हॉल्व्हरच्या मुठी घडवणारी, गिऱ्हाइकांत 'मूठवाल्या बाई' म्हणून ओळखली जाणारी, वय सत्तरीच्या पुढे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायची कोणाची छातीही नाही. यापूर्वीचं मृत्युपत्र मी दिरांवर रागावून केलं होतं, ते रद्द समजावं.

१. राहतं घर, आतल्या सामानासह, माझ्या मुलाला द्यावं. कारखाना विकून टाकावा, हा सल्ला त्याने मला जेवताना दिला, प्रवासात दिला आणि दवाखान्यात सलाईन चालू असतानाही दिला. पोरगा मनाने वाईट नाही, पण त्याला लोखंडाचा वास सोसत नाही. म्हणून त्याला घर. कारखान्यावर त्याचा कोणताही हक्क राहणार नाही.

२. कारखान्यातला माझा अर्धा हिस्सा माझ्या मुलीला द्यावा. उरलेला अर्धा माझ्या दिरांचा आहेच. एकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याने विकू नये. असं का, हे पुढच्यांना कळावं म्हणून सविस्तर लिहिते.

यजमान गेले आणि मी त्यांच्या बाकावर बसले. दीर पहिल्याच दिवशी म्हणाले, "वहिनी, लाकूड तुमचं, लोखंड माझं. एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही."

आमच्याकडे सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरचं काम चाले. त्यात दर गोळीला अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो, आणि बार झाला की मूठ तळव्यात मागे वळते. चापाभोवती जे कडं असतं, त्याच्या अगदी मागे मधलं बोट येतं. आमच्या कड्याची मागची बाजू सासऱ्यांच्या काळापासून चौकोनी. दिसायला रुबाबदार, पण प्रत्येक बाराला तो कोपरा बोटाच्या सांध्यावर टोला हाणायचा. मी दिरांना पुष्कळदा सांगितलं. त्यांचं उत्तर ठरलेलं, "ती घराण्याची खूण आहे. हातमोजा घालायला सांगा."

माझी मुलगी नेमबाजीत उतरली ती त्याच रिव्हॉल्व्हरने. निवड स्पर्धेत तिच्या गोळ्या एकामागून एक नेमाच्या खाली जाऊ लागल्या. तिने मध्येच रिव्हॉल्व्हर रिकामं करून टेबलावर ठेवलं आणि ती बाहेर आली.

"हरल्याचं काही नाही, आई," ती म्हणाली. "मला त्या कोपऱ्याची भीती वाटते. चाप ओढायच्या आधीच हात दचकतो."

तिचं बोट काळंनिळं होऊन टम्म सुजलं होतं. उद्यापासून रिव्हॉल्व्हरला हात लावणार नाही, असं तिने सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दीर बाहेर गेले होते. मी त्यांच्या बाकावर मुलीच्या रिव्हॉल्व्हरचं कडं उतरवलं, तापवलं, ठोकून गोल केलं आणि कानशीने घासून गुळगुळीत केलं. मुठीला कड्याच्या मागे लाकडाची भर दिली, म्हणजे बोट जरा खाली टेकावं.

दीर आले. "हे कोणी केलं?"

"मी."

"मला विचारायची पद्धत आहे की नाही?"

"भावजी, इतकी वर्षं विचारतच होते."

त्यांनी त्याच आठवड्यात कारखान्याच्या मधोमध प्लायवुडची भिंत घातली आणि बोलणं टाकलं. मुलगी मात्र गोल कड्याचं रिव्हॉल्व्हर घेऊन पुन्हा उभी राहिली. पुढच्या स्पर्धेत तिने शेवटची गोळीसुद्धा न दचकता मारली आणि निवड झाली. मग लोक तसंच कडं मागू लागले. दीर नाही म्हणत राहिले. एक वेळ भांडणं परवडली, पण आमच्या घरातले अबोले नकोत.

बऱ्याच काळाने एका दुपारी ते भिंत ओलांडून आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. "वहिनी, मुठीसाठी माझ्या हाताचं माप घ्या."

मी त्यांचा हात हातात घेतला. मधल्या बोटाचा सांधा सुपारीसारखा टणक झाला होता. प्रत्येक रिव्हॉल्व्हर ते स्वतः चालवून बघायचे.

"दुखायचं?"

"बाबा होते तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बाबांना काय सांगणार होतो?"

"भावजी, बाबांना जाऊन जमाना झाला."

ते आधी हसले, मग खाली स्टुलावर बसून रडले. मी माप घेत राहिले. मापाला थांबून चालत नाही. त्यानंतर त्यांनी घडवलेलं गोल कडं माझ्या कड्यापेक्षा सरस होतं. हे लेखी देते. तोंडी कधी म्हणणार नाही. प्लायवुडची भिंत अजून आहे. तिच्यावर आम्ही कानशी टांगतो.

३. माझ्या पटाश्या, रंधे आणि वाळलेलं अक्रोडाचं लाकूड मुलीला. माझं रिव्हॉल्व्हर तिच्या नावे परवाना होईपर्यंत कायद्याप्रमाणे जमा ठेवावं. ते रिकामं आहे. तरी हातात घेणाऱ्याने माझ्या शब्दावर न जाता उघडून पाहावं.

४. समोरचे शस्त्रविक्रेते, जे 'बाईने कोरलेली मूठ मी धरणार नाही' असं भर दुकानात म्हणाले, त्यांना लाकडाचा एक ओबडधोबड ओंडका पोचवावा. त्यांनी स्वतःची मूठ स्वतः कोरावी. माझा राग तेवढ्याने फिटेल.

वरील सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

सही: मूठवाल्या बाई
ठिकाण: कारखान्याची पुढची खोली
दिनांक: चार मार्च

साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार: शेजारचे घड्याळजी (सही)

सहमालक म्हणून संमती: वाचलं. वहिनी माझ्याआधी गेल्या तर हे सगळं मला मान्य आहे. न गेल्या तर जास्त मान्य आहे.
— दीर (सही)